जुलैत रोट आणि बाहेर उणे चार: ट्रायथलॉनची हिवाळी तयारी कशी करावी?

गारठलेला_वारकरी · १६ नोव्हेंबर

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

येत्या जुलैत जर्मनीतल्या रोट गावची लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करायची आहे. ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणे, एका दिवसात, एकामागून एक. नोंदणी मिनिटाभरात संपते असं ऐकून होतो, म्हणून नुसतं नशीब आजमावायला बसलो आणि लागला की नंबर! बायकोला सांगायला दोन दिवस घेतले. तिचा पहिला प्रश्न, "पैसे परत मिळतात का?" नाही मिळत.

(रोटला आयर्नमॅन म्हणू नका, तो अशा स्पर्धांचा एक वेगळा ब्रँड. अंतर तेच, पण ते नाव २००१ नंतर तिथून गेलं. २००२ पासून ही 'चॅलेंज रोट'. इथल्या माणसासमोर चुकून आयर्नमॅन म्हणालो, तर त्याने पोहणं, सायकल, धावणं सोडून अर्धा तास मला इतिहास ऐकवला.)

मुक्काम एर्लांगेन, न्यूर्नबर्गच्या जरा उत्तरेला. मूळ गाव वाईजवळ. वय ४१, वजन ७८. दोन मॅरेथॉन झाल्यात, दोन्ही साडेचार तासांच्या आसपास. सायकलने ऑफिसला जातो, उन्हाळ्यात रविवारी टेकड्यांमध्ये ८०-९० किमी होतात. बोंब आहे ती पोहण्याची. लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं. तेव्हापासून डोकं वर काढून बेडकासारखा तासभर निवांत पोहू शकतो. पण क्रॉलचे (पालथं, एकेक हात पुढे टाकत पोहणं) चार लॅप मारले की काठ धरून उभा.

आता मुद्दा. डिसेंबरात इथे सूर्य आठला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. जाताना अंधार, येताना अंधार. रस्त्यावर ओला बर्फ नाहीतर खडी. कालच सकाळी उणे चार होतं. अशात आठवड्याचे आठ-दहा तास काढायचे कुठून आणि कसे? सायकल बाहेर चालवावी की घरात रोलरवर (त्यावर सायकल जागच्या जागी चालते)? धावताना छातीत जळजळतं त्याचं काय? जे कुणी थंडीतून गेलेत त्यांनी लिहा. नुसतं 'जिद्द ठेवा' लिहू नका, जिद्द आहे.

शेवंती · १६ नोव्हेंबर

मिनियापोलिसहून नमस्कार. उणे चार? आमच्याकडे उणे चारला मुलं नुसती हुडी घालून शाळेच्या बसची वाट बघतात. हलकेच घ्या.

मी मॅडिसनची विस्कॉन्सिन आयर्नमॅन केली आहे. ती सप्टेंबरात असते, त्यामुळे मला अख्खा उन्हाळा हाताशी होता. तुम्हाला तो नाही, हे आधीच ओळखून ठेवा. तुमच्या भागात बाहेर नीट सायकल चालवता येईल एप्रिलपासून, आणि तळ्यात उतरता येईल मेमध्ये. म्हणजे जुलैपर्यंत हातात उरतात जेमतेम दहा-बारा आठवडे.

म्हणून हिवाळ्याचं काम वेगळं समजा. पोहणं बंद जागेत होतं, तलावाचं पाणी बारा महिने सारखंच असतं, आणि तुमचं सगळ्यात कच्चं तेच आहे. तेव्हा मार्चपर्यंत आठवड्यातून तीन वेळा पोहा. अंतर मोजू नका, शिकवणारा शोधा. चाळिशीत स्वतःच्या मनाने क्रॉल सुधारत नाही, फक्त चुका घट्ट होतात. सायकल आठवड्यातून दोनदा रोलरवर, धावणं बाहेर. बस. जानेवारीत शंभर किमीचे फोटो टाकणारे लोक दिसतील, त्यांच्याकडे बघू नका.

रंकाळा_एक्सप्रेस · १७ नोव्हेंबर

भावा, नाद खुळा! रोट म्हणजे काय साधं हाय व्हय?

माझी गोव्याची ७०.३ झाली हाय, म्हणजे तुझ्या निम्मं. १.९ किमी मिरामारला समुद्रात, ९० किमी सायकल, २१ किमी पळणं. थंडी बिंडी काय नसतं बघ, सगळं डोस्क्यात असतंय. आमची पोरं पहाटे चारला उठून पाण्यात पडत्यात. तू बी बाहेर पड. रोलरवर बसून सायकल चालवायची म्हणजे ताटात जेवण न घेता जेवल्यासारखं हातवारं करायचं. वारा नाही, खड्डा नाही, कुत्रं मागं लागत नाही. असली कसली तयारी?

शेवंती · १७ नोव्हेंबर

@रंकाळा_एक्सप्रेस, कोल्हापुरात पहाटे चारला किती तापमान असतं हो? चौदा? थंडी डोक्यात नसते, बोटांच्या टोकांत असते.

तापमान शून्य असेल आणि सायकल ताशी ३० किमीने चालली असेल, तर उघड्या कातडीला ते उणे सहाइतकं लागतं. उणे पाच असेल तर उणे तेरा. धावताना वेग कमी आणि अंगात उष्णता जास्त, म्हणून धावणं जमतं. सायकलवर चढ चढताना घाम येतो आणि उतारावर तोच घाम गोठतो. शिवाय दस्ताने जाड घातले की ब्रेक नीट दाबता येत नाही.

आणि रोलरला हिणवू नका. लायनल सँडर्स नावाचा कॅनडाचा खेळाडू आहे, वर्षानुवर्षं त्याचा बहुतेक सराव घरातच व्हायचा. सायकल रोलरवर, धावणं ट्रेडमिलवर. तो २०१७ साली कोनाला, आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत, दुसरा आला. कोना म्हणजे हवाई, म्हणजे भट्टी.

टोकदार · १७ नोव्हेंबर

एक शंका. चाळिशी, परदेश, बरी नोकरी, आणि मग अचानक ट्रायथलॉन. हा आजार आहे की फॅशन? आमच्या आजोबांनी रोज शेतावर दहा मैल चालून कधी पदक मागितलं नाही. एकूण खर्च किती होतो तेही सांगा, म्हणजे आम्हाला 'फिटनेस फुकट असतो' हे ऐकावं लागणार नाही.

गारठलेला_वारकरी · १८ नोव्हेंबर

@टोकदार, आजारच. खर्च: रोलर जुना घेतला, ३५० युरो. वेटसूट (थंड पाण्यात पोहायचा रबरी पोशाख) पण जुनाच घेणार. सायकल साधी रोड बाइक आहे, तीच राहणार. नोंदणीचा आकडा लिहीत नाही, कारण बायको हा धागा वाचते. आजोबांचं म्हणाल तर माझे आजोबा वारी करायचे, आणि वाटेत पाय सुजले की त्यांना कुणी 'मध्यमवयीन संकट' म्हणायचं नाही.

@शेवंती, पटलं. इथल्या क्लबात गेलो होतो. मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेआठला क्लबला हालेनबाडमधल्या (छताखालचा तलाव) दोन लेन मिळतात, वर्षाची वर्गणी आपल्या जिमच्या दोन महिन्यांइतकी. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. दोन लॅप बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही पोहत नाही, तुम्ही वर येण्याचा प्रयत्न करताय." भोपळ्याचे संस्कार, दुसरं काय.

डॉ_दमेकरी · १९ नोव्हेंबर

पुण्यात छातीविकारांची प्रॅक्टिस करतो, हौशी धावपटू आहे. छातीतल्या जळजळीबद्दल.

त्रास नुसत्या थंडीचा नसतो, कोरडेपणाचाही असतो. थंड हवेत बाष्प फार कमी मावतं. जोरात धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, तेव्हा ही कोरडी हवा ओली आणि उबदार करायचं काम श्वासनलिकांवर पडतं, त्यांच्या अस्तरातलं पाणी उडतं आणि त्या आकसतात. लक्षण ओळखायचं तर बघा: धावणं थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला सुटतो का, छातीत शिट्टी वाजते का? तसं असेल तर तपासून घ्या, दमा नसणाऱ्यांनाही हे होतं. नुसती जळजळ असेल तर पहिली पंधरा मिनिटं हळू धावा, गळपट्टा किंवा बफ नाकातोंडावर ओढा आणि वेगाचे व्यायाम घरात करा.

दुसरं, तुम्ही शाकाहारी आहात का? असाल तर सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा) आणि बी-१२ बघून घ्या. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, अशी माणसं महिनोन्महिने 'दमायला होतंय' म्हणत सराव वाढवत राहतात. डी जीवनसत्त्वाचंही तेच. आपल्या वर्णाला तिथल्या हिवाळी उन्हातून ते मिळत नाही. पण भारतातून ६०,००० युनिटच्या पुड्या आणून तपासणी न करता महिनोन्महिने घेणारे खूप आहेत, ते करू नका. तेही शरीरात साठतं.

काकडआरती · १९ नोव्हेंबर

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. तो मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर २०१५ साली झुरिकला हेच करून आला ना? तेव्हा आमच्या ह्यांनी सायकल आणली होती. आता तिच्यावर चादरी वाळतात.

वारकरीबुवा, खाण्याचं काय करता? डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, थंडीत हेच आपलं.

मितभाषी · २० नोव्हेंबर

वाचनखूण साठवली.

गारठलेला_वारकरी · ९ डिसेंबर

थोडी खबरबात.

@डॉ_दमेकरी, शाकाहारी आहे, अंडी खातो. फेरिटिन १४ आलं! हिमोग्लोबिन अगदी ठणठणीत. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. दोन हिवाळे मी स्वतःला आळशी समजत होतो.

रोलरचा किस्सा. आधी बैठकीच्या खोलीत मांडला. तिसऱ्या दिवशी खालच्या आजींनी चिठ्ठी लावली: रात्री दहानंतर त्यांच्या छतातून 'गिरणी' ऐकू येते. चूक माझीच होती, इथे रात्रीची शांतता लोक मनापासून पाळतात. त्यामुळे वरात तळघरात. प्रत्येक फ्लॅटला तळघरात जाळीचा एक पिंजरा असतो, सामान ठेवायला. सुटकेसा, दिवाळीचे आकाशकंदील, मुलाची जुनी गादी आणि त्यात मी. तापमान बारा अंश.

पंख्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. बारा अंशांत पंखा कशाला, असं मलाही वाटलं. चाळीस मिनिटांत सायकलच्या हँडलखाली थारोळं! बाहेर वारा घाम उडवतो, इथे तो अंगावरच राहतो. नाडी तेवढ्याच जोराला दहा-बारा ठोक्यांनी वर चढत गेली. पंखा आणला, नाडी खाली आली. घाम सायकलच्या बोल्टांवर पडून त्यांना गंज चढतो, म्हणून आता हँडलवर एक जुना पंचा.

बाकी, थंडीचं मला काही वाटत नाहीसं झालंय. अंधाराचं वाटतं. थंडीला जॅकेट आहे. पण चार वाजता खिडकीबाहेर काळोख झाला की शरीर म्हणतं, दिवस संपला, आता भात खा आणि झोप. तीन दिवस हुकलेत, तिन्ही दिवशी तापमान चांगलं होतं. शिवाय न्यूर्नबर्गचा नाताळ बाजार सुरू आहे, आणि लेबकूखन नावाचा मध-मसाल्याचा केक रस्तोरस्ती. ते सरावाचं खाणं आहे असं मी स्वतःला पटवलं आहे.

शेवंती · ९ डिसेंबर

अंधाराला दोन उपाय, दोन्ही वापरून पाहिलेत. एक, १०,००० लक्सचा, म्हणजे चांगला प्रखर दिवा, सकाळी नाश्त्याला वीस-तीस मिनिटं समोर ठेवायचा, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. दुसरा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत धावणं. ऑफिसात अंघोळीची सोय आहे का? असेल तर कॅलेंडरवर मीटिंग म्हणून टाका. चाळीस मिनिटं उजेडात. उरलेला सराव अंधारात गेला तरी चालतो मग.

आणि केक खा. फक्त १८० किमीच्या दिवशी नको. तेव्हा तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं लागतील आणि ती पोटात टिकायला हवीत. त्याची सवय रोलरवरच लावा, तिथे संडास जवळ असतो.

काकडआरती · १० डिसेंबर

तासाला नव्वद ग्रॅम म्हणजे मुठीने साखर की हो! मग माझे लाडू?

शेवंती · १० डिसेंबर

काकू, डिंकाच्या लाडवात तूप आणि सुकामेवा, पचायला वेळ घेतात. सराव संपल्यावर एक, किंवा पाच तासांच्या संथ सायकलीवर अर्धा. जोरात चालवताना खजूर आणि गुळाचं पाणी बरं. मला थोडे इकडे पाठवता का?

रंकाळा_एक्सप्रेस · १४ जानेवारी

तिळगूळ घ्या, गोड बोला! वारकरी, किती झालं? बाहेर पडलास का न्हाई?

गारठलेला_वारकरी · १५ जानेवारी

पडलो. शब्दशः.

रविवारी कडक ऊन होतं, उणे दोन. सहा आठवडे तळघरातल्या कंदिलांकडे बघून डोकं आंबलं होतं. म्हटलं, तासभर कालव्याकाठी जाऊन येऊ. (माइन-डोनाऊ कालवा आमच्या गावातूनच जातो. याच कालव्यात पन्नास-साठ किमी दक्षिणेला जुलैत मी पोहणार, म्हणून त्याच्या काठाने जायला आवडतं.) रस्ता कोरडा ठाक. एका छोट्या लाकडी पुलावर वळलो आणि सायकल माझ्या खालून निघून गेली. पुलावर पारदर्शक बर्फ होता, दिसतच नव्हता. डावा हात टेकला.

एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले. मनगट सुजलंय, अंगठ्याच्या बाजूला दाबलं की जीव जातो. आठवडाभर विश्रांती घेऊन पोहायला जावं म्हणतो.

डॉ_दमेकरी · १५ जानेवारी

थांबा. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन शिरांमध्ये खळगा पडतो. दुखतं ते नेमकं तिथेच का? असेल तर पहिल्या एक्स-रेवर विसंबू नका. हात टेकून पडल्यावर तिथलं एक होडीच्या आकाराचं छोटं हाड मोडतं, स्कॅफॉइड. पहिल्या एक्स-रेत त्याची चीर बऱ्याचदा दिसत नाही. त्याचा रक्तपुरवठाही विचित्र आहे, दुर्लक्ष झालं तर जुळत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा आधीच एमआरआय, आणि तोवर मनगट बांधलेलं. धाग्यावर निदान करत नाही, तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा एवढंच सांगतो.

शेवंती · १५ जानेवारी

अरे देवा. लवकर बरे व्हा.

पूल सगळ्यात आधी गोठतो, इथे रस्त्यावर तशा पाट्याच असतात. बाकी रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते, पुलाखालून थंड हवाच वाहते. बाहेर जायचंच असेल तर कार्बाइडचे खिळे असलेले टायर मिळतात, हवा थोडी कमी ठेवायची. मी फॅटबाइक (खूप जाड टायरांची सायकल) वापरते. पण खिळे असले तरी पुलावर वळायचं नाही, वळण आधी संपवायचं.

टोकदार · १६ जानेवारी

टोमणे मारणार होतो, पण आता नको. काळजी घ्या. डाव्या हाताने टाइप करत नसाल अशी आशा.

रंकाळा_एक्सप्रेस · १६ जानेवारी

भावा, मीच बाहेर पड बाहेर पड म्हणत होतो. वाईट वाटलं बघ. माझं शब्द मागं घेतो. पुलावरचं तरी.

गारठलेला_वारकरी · ४ फेब्रुवारी

एमआरआय झाला. डॉक्टर, तुमच्यामुळे. हाड शाबूत आहे, पण आतून मुका मार, हाडाला सूज. तीन आठवडे पट्टा, पोहणं बंद. (सवलत मागितली, बाई म्हणाल्या, पाण्यात एक हात म्हणजे गोल गोल फिरणं.)

आठ दिवस फार वाईट गेले. सांगायला हरकत नाही, नोंदणी दुसऱ्याच्या नावे करता येते का तेही बघून ठेवलं होतं. मग तळघरात गेलो. कोपर टेकवून सायकल चालवता येत होती. चार दिवस सायकल, दोन दिवस दुपारी ऑफिसजवळ सावकाश धावणं, तेही खडी टाकलेल्या रस्त्यावर. आणि रोज वीस मिनिटं जमिनीवर पालथं पडून खांदे-पोटाचे व्यायाम. सायकलवरच्या वीस मिनिटांच्या चाचणीवरून काढलेली ताकद नोव्हेंबरात २०५ वॉट होती, आता २२४. एवढी वाढेल असं वाटलं नव्हतं. लोहाच्या गोळ्या की तळघर, देव जाणे.

मितभाषी · ४ फेब्रुवारी

गोळ्या.

गारठलेला_वारकरी · १७ मार्च

धागा वर काढतोय.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पुन्हा पाण्यात. बाईंनी पहिला महिना नुसते ड्रिल करून घेतले: डोकं खाली, नजर तळाकडे, श्वास पाण्यात सोडायचा. मी आयुष्यभर श्वास धरून पोहत होतो! चार लॅपला धाप लागायची ती दमाची नव्हती, कोंडलेल्या हवेची होती. हे कळायला एक्केचाळीस वर्षं आणि एक जर्मन आजी लागली.

काल चाचणी घेतली. ४०० मीटर ९ मिनिटं ४० सेकंद, २०० मीटर ४ मिनिटं ३० सेकंद. दोन्हींतला फरक काढला की मोठ्या अंतराला झेपणारा वेग निघतो: २०० मीटरला ३१० सेकंद, म्हणजे शंभराला २ मिनिटं ३५. या हिशोबाने ३.८ किमीला १ तास ३८ मिनिटं. क्लबातली पोरं तासाभरात बाहेर पडतात. मला चालेल. नोव्हेंबरात मी बुडणार होतो.

शेवंती · १७ मार्च

वा! वेटसूटने पाय आपोआप वर येतील, आणखी थोडी मिनिटं वाचतील. पण तळ्यात पहिल्यांदा जाल तेव्हा एकटे जाऊ नका आणि उडी मारू नका. थंड पाणी छातीला लागलं की आपसूक हिसका बसून श्वास आत ओढला जातो. तो पाण्याखाली ओढला गेला तर संपलं. कमरेपर्यंत उभे राहा, चेहऱ्यावर पाणी मारा, दोन-तीन मिनिटं सोडा. तो हिसका ओसरतो.

गारठलेला_वारकरी · २२ मे

रोटझेला जाऊन आलो, हिल्पोल्टस्टाइनजवळचा तलाव. पाणी १५ अंश. क्लबातले सहा जण. शेवंतीताई, तुमचा परिच्छेद फोनवर काठावर वाचला, मग उतरलो. तरी पहिला मिनिट कपाळात कुणी खिळा ठोकतंय असं वाटलं. मग जमलं. १५०० मीटर. तळ दिसत नाही, रेघ नाही, त्यामुळे दर दहा हातांनी मान वर काढून बघावं लागतं. आणि त्याबाबतीत, सांगायला आनंद होतो, भोपळ्याचे संस्कार कामाला आले. बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी हुडहुडी भरली, पाण्यात असताना नव्हती.

सायकलचा पहिला पाच तासांचा दिवसही झाला. पाय उत्तम. मान आणि तळवे गेले कामातून. तळघरात मान वर ठेवावी लागत नाही, रस्ता खडबडत नाही, उतारावर ब्रेक लावायचा नसतो. जानेवारीनंतर उतारावर मी म्हातारीसारखा उतरतोय. रंकाळाभाऊ, कुत्रं मागं लागत नाही म्हणाला होतात, त्यात तथ्य होतं.

एक नवीनच काळजी. काल अचानक २९ अंश झाले. दहा किमी धावायला गेलो आणि सहाव्या किमीला चालत होतो. नाडी १७०. अख्खा सराव शून्य ते बारा अंशांत झालाय. रोटला जुलैत तिशीच्या वर पारा गेला, आणि दुपारी दोनला मॅरेथॉन सुरू करायची असली, तर?

रंकाळा_एक्सप्रेस · २२ मे

आता आला की नाही आमच्या गल्लीत!

नीट ऐक. गोव्याला पळायला लागलो तेव्हा अंगावर कुणी गरम गोधडी टाकल्यासारखं झालं होतं. आमच्या कोचनं आधीच दोन आठवडे दुपारी पळवलं होतं, म्हणून वाचलो. दहा-चौदा दिवस रोज तासभर उन्हात घाम काढायचा, वेग न बघता. पहिले चार दिवस मरण, मग शरीर शिकतंय. घाम लवकर सुटतो, नाडी खाली येते. हे शिकणं टिकत मात्र न्हाई, दोन-तीन आठवड्यांत जातंय. म्हणून जूनच्या मध्यात चालू कर, आधी नको.

डॉ_दमेकरी · २३ मे

सगळं बरोबर सांगितलंय. आत काय होतं ते असं: पहिल्या आठवड्यात रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे हृदयाला त्याच कामासाठी कमी ठोके लागतात. घामातलं मीठही कमी होतं. ऊन नसेल तर व्यायामानंतर गरम पाण्याच्या टबात किंवा सौनात बसूनही बऱ्यापैकी साधतं. तुमच्याकडे सौनाला तोटा नाही. मात्र चक्कर, मळमळ, थंडी वाजणं यातलं काही झालं तर त्या क्षणी बंद, आणि घरात कुणालातरी सांगून बसा.

काकडआरती · २३ मे

कोकम सरबत घ्या मीठ घालून. लाडवांचा विषय मी सोडला आहे.

गारठलेला_वारकरी · १६ जून

काल १७ अंश आणि पाऊस. उन्हाची वाट बघत बसलो तर स्पर्धा येईल. म्हणून तळघरात. अंगात जानेवारीतलं जॅकेट, डोक्यावर लोकरी टोपी, कोकमाच्या दोन बाटल्या, आणि तो पंखा बंद करून ठेवला आहे. बायको वर बसून दर पंधरा मिनिटांनी फोन करते. खालच्या आजी कपडे घ्यायला आल्या होत्या. जूनमध्ये टोपी घातलेल्या माझ्याकडे त्यांनी जाळीतून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अजून हिवाळाच चालू आहे का तुमचा?"

रंकाळा_एक्सप्रेस · १६ जून

आजीला सांग, कोल्हापूर चालू हाय.